कल्याणच्या कारंटीनातले आंबे

ठाण्यात उंदीर पडू लागले आणि गाठीच्या तापाने माणसं जाऊ लागली, तेव्हा मी पत्नीला तिच्या माहेरी, नाशिकजवळच्या खेड्यात पाठवून दिलं. ती पोटुशी होती. कचेरी सोडून मला जाता येईना, आणि मला एकट्याला सोडून आई जाईना.

वैशाखात मेहुण्याचा निरोप आला. ती अंथरुणाला खिळली आहे, अन्न पोटात ठरत नाही, आणि सारखं आमच्या ठाण्याच्या परसातल्या आंब्याचं नाव घेते आहे. आंबा कसला, रेषाळ रायवळ. शेजारपाजारची मुलंसुद्धा उचलत नसत. आई म्हणाली, "डोहाळे कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत. उतरव पाडाचे." करंडी भरून आम्ही गाडीत बसलो.

कल्याणला सगळ्यांना खाली उतरवलं. काखा, जांघा चाचपल्या. बायकांना कापडाच्या आडोशाला नेलं. ठाण्याहून आलेल्यांना पुढची गाडी नव्हती. रुळांपलीकडे तट्ट्यांच्या झोपड्या उभारल्या होत्या, त्यांना सगळे कारंटीन म्हणत. ताप नसला तरी तिथे राहायचं, आणि मुदत भरली की सुटायचं.

डॉक्टरांनी करंडीतला एक आंबा चिरला. आतून पांढरी अळी टुणकन उडून त्यांच्या बाहीवर पडली.

"याला माशी लागली आहे," ते म्हणाले. "रोगाच्या गावचं फळ पुढे जाणार नाही. खड्ड्यात टाका, वर चुना."

आई करंडीवर हात आडवे टाकून खालीच बसली. "मग आधी मला टाका. माझी सून तिकडे अन्नावाचून पडली आहे."

"आजी, उठा," शिपाई हळूच म्हणाला. "मनाई कच्च्या फळाला आहे. शिजवलेलं नेता येतं. होय ना, साहेब?"

डॉक्टर कंटाळले होते. "उकळा मग," म्हणाले आणि पुढे गेले.

आईने तीन दगड मांडले, कुणाचं तरी पातेलं मागून आणलं. किडका भाग कापून चांगला तेवढा गर ती पिळू लागली. माशा इतक्या, की मी दोन्ही हातांनी पंचा फिरवत होतो तरी रसावर काळा थर बसू पाहत होता. वर ऊन, खाली जाळ. आईला घेरी आली तेव्हा मी तिला सावलीत ओढली, पण ती पुन्हा येऊन बसली. "करपेल रे," एवढंच म्हणाली. एवढ्या करंडीचा आटून एक लहान बरणी रस झाला.

आमच्या झोपडीतलं एक वाणी कुटुंब त्याच दिवशी सुटत होतं आणि त्याच वाटेने जाणार होतं. जन्मभर सोवळं पाळलेल्या माझ्या आईने ती बरणी त्या परक्या बाईच्या ओटीत ठेवली आणि तिच्या पायांना हात लावला.

आम्हीही लवकर सुटलो असतो. पण आमच्या झोपडीतल्या एका म्हाताऱ्याला ताप भरला, आणि सगळ्यांची मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. मी डॉक्टरांच्या मागे धावलो, विनवण्या केल्या, एकदा तर ओरडलोही. ते म्हणाले, "मी तुम्हाला सोडलं, तर तुम्ही तिच्याकडे काय घेऊन जाल ते मला ठाऊक नाही. तुम्हाला तरी आहे का?"

अखेर सुटलो. गावच्या वेशीवर मेहुणा भेटला. वाण्याने बरणी इमानाने आणली होती, पण "कल्याणचं काही नको" म्हणून गावकऱ्यांनी ती वेशीबाहेरच पालथी केली. आणि मूल अपुऱ्या दिवसांचं झालं, ते रडलंच नाही.

ती खाटेवर पडून होती, मनगटं काडीसारखी. आई जवळ बसली.

"इतके दिवस कुठे होतात?" तिने विचारलं.

"अगं, आंबे सोडेनात," आईच्या तोंडून निघालं.

"आंब्यांसाठी थांबलात?"

मी घाईघाईने सगळं सांगू लागलो, अळी, चुना, म्हाताऱ्याचा ताप. सांगता सांगता मलाच ते बतावणीसारखं वाटू लागलं. तिने डोळे मिटून घेतले. आई तिचे पाय चेपत राहिली. तिने पाय ओढून घेतले नाहीत, पण डोळेही उघडले नाहीत.

ती जगली. दिवाळीनंतर तिला घरी आणली, पुढे दोन मुलगेही झाले. कल्याणला आम्हाला अडवून ठेवलं होतं, हे तिला कळलं नाही असं नाही. तिथे राहून आलेली माणसं गल्लोगल्ली होती. तरी कुणी त्या बाळाविषयी विचारलं की ती म्हणे, "सासूबाई आल्या होत्या, पण उशिरा आल्या."

आई तिथेच कुठेतरी भाजी निवडत असे. मान वर न करता म्हणे, "हो. उशीरच झाला."