कर्कटकानं काढलेली जागा

धुक्यात जहाजाचं जीपीएस बंद पडलं, तेव्हा कॅप्टनसाहेब वेग, दिशा आणि वेळ यांवरून नकाशावर आमची जागा काढू लागले. दर तासाला ते तिच्याभोवती कर्कटकानं वर्तुळ काढत. चूक साचत जाते, म्हणून प्रत्येक वर्तुळ आधीच्यापेक्षा मोठं.

"आपण यात कुठंतरी आहोत," ते म्हणाले. "पण नकाशावरच्या या खडकाच्या सगळ्यात जवळच्या टोकाला आहोत असंच समजायचं."

वर्तुळ वाढे, तसं मला जास्तच कोंडल्यासारखं होई. घरी शेवटचा फोन लागला, त्याला नऊ दिवस झाले होते. तेव्हा बाबा दवाखान्यात होते, चमच्यानं पेज घेत होते. तेवढ्यावरून मी रोज त्यांच्या तब्येतीचा अंदाज बांधत होतो.

साहेबांनी कर्कटक आणखी फाकवलं. या वेळी खडक वर्तुळाच्या आत आला.