राजीला देवी आली नव्हती

हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, शाळेतल्या सोबतच्या बायांना नाही — आणि आम्ही बाया तर डब्यासोबत एकमेकींच्या सासवासुद्धा वाटून खातो. तुम्हाला सांगते आहे, पण ऐकून झाल्यावर "जाऊ द्या हो मॅडम" म्हणू नका. त्या 'जाऊ द्या'चाच मला राग आहे.

सिरोंच्याकडच्या एका सरकारी शाळेत मी विज्ञान शिकवत होते. गावाचं नाव घेत नाही. मुलीला राजी म्हणते, ते तिचं खरं नाव नाही. तिचं झाकायचं तेवढं झाकते, स्वतःचं झाकणार नाही. मला काय करायचं ते खुशाल करा.

राजी नववीत होती. घरी तेलुगू, शाळेत मराठी, आणि दोन्हीत तोंड बंद म्हणून नाही. बाप नदीवर मासे धरायचा. त्या पावसाळ्यात तिचा मोठा भाऊ पुरातून जाळं काढायला डोंगा घेऊन गेला. डोंगा उलटला. नदीनं त्याला पार खाली नेऊन काठाला लावलं.

राजी शाळेत परत आली ती गप्प होऊनच. आम्ही शिकवणाऱ्यांनी काय केलं? मुलांना मैदानात उभं करून श्रद्धांजली दिली. झालं. पुढच्या तासाला प्रकाशाचं परावर्तन.

आता ऐका — मला माहीत नव्हतं असं नाही. त्याच वर्षी मुलांच्या मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण करून मी गडचिरोलीहून आले होते. गेले का, तर बहीण तिथं राहते म्हणून. पण प्रशिक्षणात मन लावून बसले, हे खोटं नाही. भीतीचा झटका कसा येतो, ते शिकले. श्वास लागतो, हाताची बोटं आकडतात, लेकराला वाटतं आता मी मेले. अशा वेळी जवळ बसायचं, हळूहळू श्वास सोडायला लावायचा, घरच्यांना समजावून दवाखान्यात न्यायचं. सगळं मला तोंडपाठ होतं. येताना एक पोस्टर मिळालं होतं, "मनमोकळं बोला" असं लिहिलेलं. ते मी माझ्याच हातानं वर्गात चिकटवलं.

आणि राजी बोलली हो! पोस्टर वाचून बोलली. हातपंपापाशी मला गाठून म्हणाली की वर्गात बसलं की छाती धडधडते, श्वास कोंडतो, भाऊ दिसतो. मी म्हटलं, चाचणी होऊन जाऊ दे, मग बघू. पुढं पुन्हा आली. मी पुन्हा तेच म्हटलं. कारण काय? कारण काहीच नाही. अभ्यासक्रम मागं पडला होता आणि मला कटकट नको होती. यापेक्षा मोठं कारण शोधायला गेले तर ते मला गवसत नाही.

मग एका दुपारी माझ्याच तासाला ती बाकावरून खाली पडली. दात आवळलेले, बोटं आकडलेली, श्वास भात्यासारखा. मुली ओरडल्या, "देवी आली, देवी आली." मी काय केलं असेल? जवळ बसले? छे. मी फळ्याला टेकून उभी राहिले. हातात खडू होता, तोही खाली ठेवायचं सुचलं नाही.

मुलींनीच तिला घरी नेलं. संध्याकाळी मी गेले. शेजारच्या बायांनी तिच्या कपाळाला हळद लावली होती, उशाला कडुलिंब ठेवला होता, पायांवर पाणी घातलं होतं. आमच्याकडे असंच करतात. अंगात आलं की आधी मान द्यायचा, मग विचारायचं कोण आलं म्हणून. राजी डोळे मिटून पडली होती. पण तिची आई — तिला सगळे अम्मा म्हणत — ती काही ठरवत नव्हती. बाया देवी म्हणत होत्या आणि ही बाई दारात माझी वाट पाहत उभी होती. मला एका बाजूला घेऊन म्हणाली, "बाई, तुमी शिकलेल्या. तुमीच सांगा, हे देवी हाय का बीमारी? बीमारी असन तं मी उद्याच दवाखान्यात नेतो."

पोटच्या पोराला नुकतंच नदीत घालवून बसलेली बाई. अंगठा लावणारी. आणि विचारत काय होती, तर नेमकं विचारायचं ते.

मी बीमारी म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता — केव्हापासून? मग राजी बोलली असती, की बाईंना मी सांगितलं होतं. मग मुख्याध्यापक, मग वरचे साहेब, आणि गावभर चर्चा, की प्रशिक्षण घेऊन आलेली बाई लेकरू सांगत होतं तरी झोपली होती. हे सगळं माझ्या डोक्यात एका दमात फिरलं. भांबावले होते म्हणाल, तर नाही. पक्का हिशेब केला.

"देवीच दिसते, अम्मा," मी म्हणाले.

आतल्या बायांनी लगेच हात जोडले. अम्मानंही जोडले. विज्ञानाची बाई म्हणते म्हटल्यावर मग शंका कसली?

राजी शाळेत आली नाही. देवीच्या मुलीला बाकावर कसं बसवायचं? मंगळवारी तिला पाटावर बसवू लागले. लोक नारळ घेऊन यायचे, हरवलेलं जनावर कुठं आहे, सुनेला मूल कधी होईल, असं विचारायचे. हजेरीतून तिचं नाव गेलं. मी हूं की चूं केलं नाही.

चोराच्या उलट्या बोंबा कशा असतात, ते आता सांगते. पुढं मीच प्रशिक्षणं देऊ लागले! कुरखेड्यापासून सिरोंच्यापर्यंतच्या मास्तरांना मी मुलांची मनं समजावते. आणि उदाहरण कोणतं देते? राजीचं. "पालकांचं अज्ञान बघा," असं म्हणते मी, माईक हातात धरून. सगळे माना डोलावतात, चुकचुकतात. कोणी तरी हमखास म्हणतं, आपल्या भागात अंधश्रद्धाच फार, मॅडम.

अहो, काय म्हणून अंधश्रद्धा? त्या गावानं आधी मला विचारलं होतं! बोटं मोडायची तर माझ्या नावानं मोडा. अम्माला कोणी अडाणी म्हटलं तर यापुढं मी भर सभेत उठून सांगणार आहे. नोकरी राहो नाही तर जावो.

यंदा सिरोंच्याला एका लग्नाला गेले होते. सांगून टाकायचं, असं ठरवून राजीच्या घरी गेले. मंगळवार होता. अम्मानं मला खाट दिली, चहा दिला, आलेल्या लोकांना कौतुकानं सांगितलं की या बाईंनी पहिल्यांदा ओळखलं. राजी आतल्या खोलीत केस मोकळे करत होती. चांगली बाई झाली आहे आता. मी दाराशी गेले, तोंड उघडलं. पण आधी तीच बोलली.

"त्या रोजी मी झोपली नवती, बाई. डोये मिटून आयकून राह्यली होती. मले वाटलं, तुमी बीमारी म्हणसान."

मी म्हटलं, आताही जाऊ, मी नेते तुला, आजच चल. ती माझ्यावर चिडलीसुद्धा नाही. म्हणाली, "आता देवी गेली तं मी निस्ती येडी राहीन."

मग ती बाहेर जाऊन पाटावर बसली. लोक एकेक करून पाया पडू लागले. सगळ्यांचं झाल्यावर अम्मानं माझ्याकडे पाहिलं.

मी पुढं झाले आणि राजीच्या पाया पडले.