कांदा हुंगवू नका

सुमनबाई लेकीला घेऊन येणार म्हटल्यावर कालिंदीने सकाळीच फ्रीजवरची गोळ्यांची पाकिटं उचलली आणि कपाटात साड्यांच्या घडीखाली सारली. गेली बारा वर्षं कोणी पाहुणा यायचा म्हटलं की ती आधी हे काम करायची, चहाचं आधण नंतर.

कालिंदीच्या लेकीला, जाईला, फिट येतात हे तिघांनाच माहीत होतं. कालिंदी, तिचे यजमान विश्वंभरराव आणि खुद्द जाई. नांदेडच्या डॉक्टरांकडे निघताना शेजारी सांगायचं, मावशीकडे चाललो. औंढ्यासारख्या गावात ही गोष्ट एकदा कोणाच्या तोंडी गेली की पोरीला स्थळ येणार नाही, हे बी.ए. झालेल्या कालिंदीला कोणी सांगावं लागलं नव्हतं.

म्हणून जाईची नोकरी घरबसल्या करायची निघाली तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. पुण्याच्या कंपनीचं काम, दवाखान्यांची बिलं तपासायची, आणि पोरगी डोळ्यांसमोर. जाई मधल्या खोलीत बसायची. कालिंदी स्वयंपाकघरातून कीबोर्डची टकटक ऐकत राहायची. टकटक थांबली की हातातली पोळी तव्यावर टाकून दाराशी. बहुतेक वेळा जाई नुसती विचार करत असायची. मागे न बघताच म्हणायची, "आई, मी आहे."

मग कंपनीची मेल आली. पुढच्या महिन्यापासून ऑफिसात यायचं. ज्यांना तब्येतीमुळे जमणार नाही त्यांनी डॉक्टरांचा दाखला पाठवावा.

कालिंदीला वाट सापडली. दाखला देऊन टाकू, पुण्यात आपल्याला ओळखतंय कोण? पण जाईला जायचं होतं. दाखला दिला की मी जन्मभर या खोलीतली, ती म्हणाली. वर हेही म्हणाली की सोबत राहणाऱ्या मुलीला मी सगळं सांगणार.

ती मुलगी म्हणजे शिवकन्या, सेनगावजवळच्या गोरेगावची, त्याच कंपनीतली. तिच्या आईचं, सुमनबाईचं, गणगोत सेनगावपासून कळमनुरीपर्यंत पसरलेलं. कोणाच्या घरी काय शिजतं ते तिला ठाऊक. पुण्यातल्या परक्या मुलीला सांग, हिला नको, कालिंदीने बजावलं. दोन दिवस मायलेकींत बोलणं नव्हतं. शेवटी जाईने कबूल केलं, पाहुणे निघेपर्यंत गप्प बसते, पुढचं माझं मी बघेन.

सोमवारी नागनाथाचं दर्शन करून सुमनबाई आणि शिवकन्या पोरींच्या खोलीचं बोलायला आल्या. सुमनबाईने आधी रांगेला शिव्या घातल्या, मग पंख्याखाली ऐसपैस बसली. शिवकन्याने फोनवर पुण्यातल्या खोलीचे फोटो दाखवले. कालिंदीला त्यात दिसली ती गुळगुळीत फरशी आणि लोखंडी पलंगाची धारदार कड. बाथरूमला आतून कडी आहे का, तिने विचारलं.

"घ्या!" सुमनबाई हसली. "कडी न्हाई तर काय पडदा लावून आंघोळ करतील पोरी?"

कालिंदीही हसली. तेवढ्यात जाईचा कप ओठांशी जाता जाता मध्येच थांबला. नजर भिंतीवर खिळली. काही नसताना तोंड चघळल्यासारखं हलू लागलं. कधी कधी एवढ्यावरच निभावायचं. कालिंदीने पटकन तिच्या हातातला कप काढून घेतला आणि म्हणाली, रात्री उशिरापर्यंत काम केलंय, झोप नाही झाली. वाक्य पुरं व्हायच्या आत जाई खुर्चीवरून खाली घसरली.

कालिंदीने डोकं तेवढं झेललं. जाईचे हातपाय ताठून झटके देऊ लागले. सुमनबाई चपळ बाई, धावत स्वयंपाकघरात गेली आणि बुक्कीने फोडलेला कांदा घेऊन आली.

"हुंगवा बाई, लवकर. शिवे, पाय दाबून धर. आन चमचा बघ, दातखीळ बसंल."

सोमवारचा उपवास, चक्कर आली असेल, हे कालिंदीच्या जिभेवर आलं होतं. सगळ्यांनी मानलंही असतं. पण तिचं लक्ष शिवकन्याच्या हातांकडे गेलं. सारा जोर लावून ती जाईचे गुडघे दाबत होती. पुण्यात, त्या फरशीवर, हेच हात असणार होते.

"कांदा हुंगवू नका," कालिंदी म्हणाली. "चमचा नको. शिवकन्या, पाय सोड तिचे. फिट आलीय तिला. लहानपणापासून येतात. कुशीवर वळव, अशी. आता फक्त घड्याळ बघ."

हातपाय हळूहळू सैल पडले. श्वास जड झाला. खोलीभर कांद्याचा वास होता आणि सुमनबाई तो कांदा मुठीत धरून तशीच उभी होती.

"काहून लपवलं, ताई?" तिने विचारलं. कालिंदी पदराने जाईचं तोंड पुसत राहिली तसा सुमनबाईचा आवाज चढला. "म्या माझी लेक पाठवून राहिले तिच्यासंगं. तिला आंधारात ठेवणार होता तुमी?"

शिवकन्याने आईकडे पाहिलंच नाही. "काकू, पाच मिनिटांच्या वर चाललं तर?"

"तर थांबू नको. गाडी बोलव, दवाखान्यात ने."

सुमनबाईने चहा घेतला नाही. शिवकन्याच्या बापाला विचारून कळवते, एवढंच म्हणाली. कालिंदी तिला सोडायला फाटकापर्यंत गेली. कोणाजवळ बोलू नका, हे ओठांवर होतं. पण आईला गप्प बसवलं तर लेकही गप्प बसायला शिकेल, आणि ऑफिसात जाई पडली की कोणीतरी चमचा घेऊन धावेल. "सावकाश जा," ती म्हणाली. दोघी हिंगोलीच्या जीपमध्ये बसल्या.

जाईला नीट शुद्ध आली तेव्हा ऊन कललं होतं. "गेल्या का त्या?" तिने विचारलं.

"सांगितलं मी त्यांना."

जाई उठून बसली. "तू?"

दिवेलागणीला तिच्या फोनवर शिवकन्याचा मेसेज आला. काकूंना विचार, घरमालकाला सांगून बाथरूमची आतली कडी काढून घेऊ का.

कालिंदीने तो दोनदा वाचला. हो म्हणून कळव, म्हणाली. सुमनबाईचा फोन मात्र अजून आला नव्हता. ती आता कोणाला फोन करत असेल, हे मनातून हटेना, तरी कालिंदीने कपाट उघडलं आणि गोळ्यांची पाकिटं काढून जाईच्या बॅगेत, वरच्या कप्प्यात ठेवली.