टोपीतला कागद

टोपीकाका माणसाच्या तोंडाकडे पाहण्याआधी त्याच्या टोपीच्या पोटात पाहत. रविवारी त्यांच्याबरोबर जुन्या बाजारात जाणं ही शिक्षाच होती. आपण भजी खाऊन परत यावं, तर हे अजून उकिडवे बसून एका विलायती फेल्ट हॅटच्या आतली चामड्याची पट्टी उलटी करताहेत. चित्रकलेचे निवृत्त मास्तर, आमच्या समोरच्या बिऱ्हाडात राहत. बायको गेलेली, मुलगी लग्न होऊन हडपसरला. घरात ते आणि टोप्या.

विक्रेत्याने सोनेरी शिक्का दाखवून "लंडनचा माल हाय, मास्तर" म्हटलं, की काका म्हणत, "शिक्का कोणीही मारेल हो. फेल्टचं काय कराल?" मग काठ चिमटीत धरून चोळत. सशाच्या केसांचं फेल्ट मऊ पण घट्ट लागतं, लोकरीचं खरखरीत, हे मला त्यांनीच शिकवलं. वय मात्र चामड्याची शिवण आणि त्यामागे दडलेली मापाची चिठ्ठी पाहिल्याशिवाय सांगायचे नाहीत. एक गृहस्थ आजोबांची म्हणून मोठ्या अभिमानाने हॅट घेऊन आले. काकांनी चामडं उलटलं आणि म्हणाले, "आजोबा गेल्यानंतर शिवलेली आहे." गृहस्थ चहा न घेता गेले.

"काका, जरा खोटं बोलला असता तर काय बिघडलं असतं?"

"टोपीचं बिघडलं असतं."

जावई सॉफ्टवेअरवाला. तो म्हणाला, "बाबा, ह्या सगळ्यांची वेबसाइट करू. फोटो, मेकर, इयर, सगळं टाकू." काका इतके खूश झाले की त्यांनी स्वतः टोप्यांना ब्रश मारला. दिवसभर फोटो निघाले. शेवटी खुंटीवरची तपकिरी हॅट उरली. जावयाने ती चाचपली.

"बाबा, चामड्यामागे पेपरची घडी आहे! त्यावर तारीखच मिळेल की!" त्याने बोट आत घातलं.

"जावईबापू, हात काढा."

तो आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"अहो, बघून परत घालू."

"घालाल. पण ती घडी तुमची असेल." काकांनी हॅट छातीशी धरली. "माझे वडील कॅम्पात कारकून. साहेब विलायतेला जाताना ही देऊन गेला. वडिलांचं डोकं लहान, टोपी नाकावर यायची. म्हणून त्यांनी कागद घातला. तो काढला की टोपी पुन्हा साहेबाची."

जावयाने फक्त फोटो काढला. वेबसाइटवर त्या फोटोखाली एकच शब्द आला: वडिलांची. "निदान अंदाजे इयर?" असं त्याने नंतर कितीदा तरी विचारलं. काका बधले नाहीत. उभ्या पुण्याच्या टोप्या उलट्या करणारा माणूस स्वतःच्या टोपीपाशी असा अडून बसला, याचं मला तेव्हा हसू आलं होतं.

पुढे डोळे अधू झाले आणि मुलीने त्यांना हडपसरला नेलं. बाकी टोप्या त्यांनी एका नाटक मंडळीला देऊन टाकल्या. तपकिरी तेवढी डोक्यावर घालून रिक्षात बसले.

काका गेल्यावर मुलगी ती हॅट घेऊन माझ्याकडे आली. "बाबा म्हणाले होते, ही तुम्हालाच द्यायची." काकांची फार आठवण आली की मी ती आरशासमोर घालून बघतो. माझं डोकं मोठं. कागद काढला तर मला अगदी बेतशीर बसेल. आहे तशी ती कपाळाला करकचून लागते, आणि मी ती तशीच घालतो.