उस्मानचाचांचा कोरडा वाफा

उस्मानचाचा गेल्याचं मला काटेवाडीच्या स्टँडवर कळलं. "जळोचीचे रोपवाले गेले की," कुणीतरी सहज म्हणालं. माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की आता ते कुणाला काही सांगणार नाहीत... महिना झाला, त्या विचाराची लाज जात नाही.

लोक आपलं बी आणून द्यायचे आणि चाचा गादीवाफ्यावर त्याची रोपं वाढवून द्यायचे. आमचा जन्म उसात गेलेला. पीक म्हणजे भरपूर पाणी, एवढंच आम्हाला ठाऊक. पाच-सहा वर्षांपूर्वी मी पहिल्यांदाच टोमॅटो करायचं ठरवलं, महागाचं बी त्यांच्या हाती दिलं आणि त्या दिवसापासून त्यांच्यावर पाळत ठेवू लागलो. रोज सायकलवरून जायचो. यांनी बी बदललं तर? माझी रोपं दुसऱ्याला दिली तर? लागणीला आठवडा राहिला आणि पाहतो तर माझाच वाफा कोरडा, रोपांनी माना टाकलेल्या. शेजारचे वाफे हिरवेगार.

"चाचा, माझ्याच वाफ्याला पाणी का न्हाय?"

"बापूराव, पोरगी सासरला निघालीया. आता लाड केलं तर तितं रडत बसंल." ते हसले. मला ते हसणंही लबाड वाटलं.

शुक्रवारी दुपारी ते नमाजाला गेले. रानात कुणी नव्हतं. मी झारी उचलली आणि वाफा चिंब केला. शनिवारी चाचा ओल्या मातीत बोट घालून बसले होते.

"पाणी कुणी घातलं?"

"मला काय ठाऊक?"

"मग आणखी आठ दिस थांबा. आत्ता उपटली तर मरत्याल."

आता माझी खात्रीच पटली. यांना दुसरं गिऱ्हाईक मिळालंय! भांडून मी त्याच दिवशी रोपं नेली. चौथ्या दिवशी सरीवर सगळी आडवी.

इंदापूरच्या बाजारात चारचौघांत मी सांगितलं, उस्मानचाचा रोपं बदलतात. तिकडचे लोक त्यांच्याकडे यायचे बंद झाले. पुढच्या वर्षी शेजाऱ्याची लागण पाहिली. उपटण्याआधी तहानेवर ठेवलेली रोपं उन्हात ताठ उभी होती. तेव्हा कळलं, पण कबूल करायला गेलो नाही. चाचा भेटले की आपणहून म्हणायचे, "बरं हाय न्हवं, बापूराव?" आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहायचो. यांना माहीत आहे का? असलं तर बोलत का नाहीत? कशाची वाट बघतात?

इंदापूरच्या लोकांनी आता वाचावं. रोपं माझीच होती. मारली मी.

गेल्या शुक्रवारी जळोचीला जाऊन त्यांच्या मुलीला, जुबेदाला, सगळं सांगितलं. ती वाफ्यांभोवती बाभळीच्या काट्या ओढत होती. हात न थांबवता म्हणाली, "अब्बांनी त्याच साली सुरू केलं हे. शुक्रवारी मशिदीत जाताना काट्या लावायच्या. कशाला म्हणून इचारलं, तर म्हणायचं, शेळ्या येत्यात."

मी खाली पडलेली एक काटी उचलून वाफ्याला लावली.

"काका," ती म्हणाली, "आमच्या आसपास शेळ्या कुणाच्याच न्हाईत."