दुसऱ्या भागाबद्दल परवेजचं मत

नेरे गावात परवेजच्या सलूनमध्ये भांडण झालेलं कुणी पाहिलं नव्हतं. माणूस भांडायच्या तयारीनं आत यायचा, खुर्चीत बसायचा, गळ्याभोवती पांढरा कपडा पडायचा आणि मागून परवेज म्हणायचा, "तुमचंच खरं हाय." तेवढ्यानं माणूस निवायचा. उठताना गाल गुळगुळीत झालेला असायचा आणि मनातलं खरखरीतही बरंचसं गेलेलं असायचं.

ही शिकवण त्याच्या वडिलांची. हाफीजचाचा पौडच्या आठवडी बाजारात झाडाखाली पेटी मांडून दाढ्या करायचे. त्यांनी लेकाला एकच नियम सांगितला होता. "वस्तरा गळ्यावर असताना गिऱ्हाइकाला न्हाई म्हणायचं न्हाई. न्हाई म्हटलं की त्यो मान हलवतो." कारण एवढंच होतं, रक्त निघू नये. पण परवेजनं ते फारच मनावर घेतलं. हातात वस्तरा नसतानाही तो कुणाला नाही म्हणेना. सासऱ्यांना नाही, विमा विकायला आलेल्याला नाही, घरी निलोफरलाही नाही. बायकोनं दुधी केला तर झकास, वांगं केलं तरी झकास.

"अवं, लग्नाला इतकी वर्षं झाली," निलोफर एकदा म्हणाली, "पण तुमाला काय आवडतं त्ये मला अजून ठावं न्हाई."

"मला समदंच आवडतं की."

"समदं तर कचऱ्याची गाडी बी घेती."

परवेज हसला आणि म्हणाला, "तुझंच खरं हाय."

त्याचं सलून हैबतरावांच्या इमारतीत, खालच्या गाळ्यात. ही इमारत जिथं उभी आहे तिथं पूर्वी खाचरं होती. इंद्रायणी भात फुलोऱ्याला आला की त्याचा वास रस्त्यानं जाणाऱ्याच्या कपड्यांना लागायचा. आता तळाला गाळे आणि वर खोल्या, खोल्यांतून हिंजवडीला जाणारी तरुण पोरं. हैबतरावांना सगळं गाव नाना म्हणतं. नानांची दाढी रविवारी सकाळी. सगळ्यात वरच्या खोलीत राहणारा निरंजन, उदगीरकडचा, कंपनीत कामाला. त्याची दाढी रविवारी दुपारी, कारण त्याची सकाळच दुपारी होते.

त्या वर्षी एक जुना परदेशी सिनेमा नव्यानं धुऊनपुसून मोबाईलवर आला. त्याचे भाग दोन. पहिल्या भागात आभाळातून एक पाहुणा मक्याच्या शेतात उतरतो. शेतावरचं म्हातारं जोडपं त्याला ठेवून घेतं, खाऊपिऊ घालतं, आणि शेवटी तो आपल्या ताऱ्याकडं परत जातो. दुसऱ्या भागात तोच पाहुणा चाळीस वर्षांनी परत येतो. तोवर तिथं शेत उरलेलं नसतं, मोठं शहर झालेलं असतं, आणि तो ते घर शोधत फिरतो. या दुसऱ्या भागावरून म्हणे सगळ्या जगात दोन तट पडले होते. त्या दोन्ही तटांतला एकेक जण परवेजच्या खुर्चीत बसायचा.

नानांनी दोन्ही भाग तरुणपणी पुण्याला टॉकीजमध्ये जाऊन पाहिले होते. तोंडाला फेस लावलेला असताना ते म्हणायचे, "पयला भाग म्हंजी सोनं. दुसरा काडला त्यो निस्ता पैशापायी. आरं, पाव्हणा गेला न्हवं? मग जाऊ द्यायचा."

"तुमचंच खरं हाय, नाना."

मग एका रविवारी आवाज खाली आणून नाना म्हणाले, "कुणाला बोलू नकोस. दुसरा भाग मी इंटरवलपत्तोरच बघितला. त्या मक्याच्या जागी इमारती दिसल्या आन् म्होरं बघवंना. तवा आमचं हे शेत हिरवंगार व्हतं बघ. तरीबी उठलो."

खुर्चीत सांगितलेलं परवेज दाराबाहेर नेत नाही. ते त्यानं केसांबरोबर झाडून टाकलं.

दुपारी निरंजन यायचा. तो मोबाईलवरून लोकांनी लिहिलेली मतं वाचून दाखवायचा. "ऐका परवेजभाई. एक जण म्हणतो, पहिला भाग मुलांसाठी आहे, दुसरा मोठ्यांसाठी. एका बाईनं लिहिलंय, दुसरा भाग बघून मी आईला फोन केला. आणि हा एक दीडशहाणा, एकच चांदणी देऊन म्हणतो, झोप चांगली लागली. अशा लोकांचं काय करायचं?"

"तुमचंच खरं हाय, सर. दुसराच भारी."

दोघांना बरोबर हो म्हणता यावं म्हणून परवेजनं दोन्ही भाग पाहिले, हिंदीत, दुकान रिकामं असताना, आरशाला मोबाईल टेकवून. पहिला एकदा पाहिला. दुसरा मात्र तो पुन्हा पुन्हा पाहू लागला. का, ते त्याला कुणी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. फक्त निलोफरनं पाहिलं, की हल्ली हा माणूस जेवताना मध्येच हात थांबवून कुठंतरी बघतो.

आणि मग एका रविवारी निरंजनला सकाळीच जाग आली. त्याला बाहेर कुठंतरी जायचं होतं. तो आला तेव्हा नाना खुर्चीत होते, एक गाल झाला होता, एक व्हायचा होता. निरंजन बाकड्यावर बसला, मोबाईल काढला आणि सवयीनं म्हणाला, "परवेजभाई, काल आणखी एक मत सापडलं. दुसरा भाग पहिल्यापेक्षा शंभर पटीनं..."

"कुटला दुसरा?" आरशातून नानांनी विचारलं.

बोलता बोलता दोघांना कळलं, की सिनेमा एकच आहे. पुढं व्हायचं ते झालं.

"तुमा पोरांना शेत म्हंजी काय ठावं?" नाना म्हणाले.

"नाना, माझ्या वडिलांचं सोयाबीन आहे उदगीरला."

"मग तितं ऱ्हायचं सोडून माज्या माडीवर काय करतुया?"

"तुम्हीच तर भाड्यानं दिलीत माडी."

बाकड्यावर बसलेलं आणखी एक गिऱ्हाईक फस्सकन हसलं. नाना चिडले. "ह्या परवेजला इचार. त्यो बी म्हणतो पयलाच खरा."

"असं कसं? मला तर म्हणाले, दुसराच भारी."

आरशात नानांचे डोळे, बाकड्यावर निरंजनचे, आणि दोन्हींच्या मध्ये परवेज, हातात वस्तरा धरून उभा. ज्यांच्या गाळ्यात दुकान आहे ते नाना, आणि वरच्या खोल्यांतून जी अर्धी गिऱ्हाइकं खाली उतरतात त्यांतला हा निरंजन. कुणाही एकाला खोटं पाडलं तर दुसऱ्या दिवशीपासून बाकडं रिकामं. आणि दोघांनाही पुन्हा खरं म्हणायची सोय आता राहिली नव्हती.

"बोल की," नाना म्हणाले. "तुला सोताला काय वाटतं?"

हा प्रश्न निलोफरनं शंभर वेळा विचारला होता. परवेजनं वस्तरा नानांच्या गालापासून उचलला, हात लांब केला, तो पाण्याच्या वाटीशेजारी नीट आडवा ठेवला. मग बोलला.

"मला दुसरा आवडला, नाना."

तो पुढं बोलत राहिला, अडखळत, जसं लहान पोर नवी सायकल चालवतं.

"त्यो पाव्हणा गावभर फिरतो. कुणालाच शेत ठावं न्हाई. मग शेवटाला त्यो एका दुकानाच्या पायरीवर बसतो. चपला शिवायचं दुकान असतं. आतला माणूस त्याला वळखत न्हाई, तू कोण म्हणून इचारतबी न्हाई. निस्तं स्टूल पुढं सरकवतो आन् पाणी देतो. पाव्हणा पाणी पितो, आन् उठून आपल्या ताऱ्याकडं जातो. घर न्हाईच सापडत त्याला. पर त्ये पाणी मिळालं की त्याचं काम झालं." परवेजनं फेसाचा ब्रश ओला केला. "नानांना ठावंच हाय म्हणा. त्यांनी तर टॉकीजला बघितलाय."

हे शेवटचं वाक्य त्यानं निरंजनकडं बघून म्हटलं. नाना आरशात स्वतःच्या अर्ध्या फेसाकडं बघत राहिले.

"दुसरा गाल कर," ते म्हणाले.

दाढी झाली, तुरटी फिरली, नाना काठी उचलून गेले. निरंजनही जिंकल्यासारखा हसला नाही. "तुम्ही तर दोघांनाही हो म्हणालात," तो म्हणाला. "पुढच्या वेळी मला जे म्हणाल त्यावर विश्वास ठेवू की नको?" परवेजनं खुर्चीवरचे केस झटकले.

पुढच्या रविवारी नाना आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. लोक म्हणाले, नाना आता भूगावला एसीच्या सलूनमध्ये जातात. गाळा सोडायचा निरोप आज येतो की उद्या, म्हणून कुणी दारात उभं राहिलं तरी परवेज वस्तरा खाली ठेवायचा.

सोमवारी सलून बंद असतं. अशाच एका सोमवारी परवेज आत कात्र्यांना तेल देत होता, शटर कमरेइतकं खाली होतं. त्याखालून आधी काठी आली, मग वाकून नाना आले. दाढी वाढलेली. म्हणजे भूगावला गेले नव्हते.

"आज बंद हाय न्हवं? बरं झालं," ते खुर्चीत बसत म्हणाले. "इंटरवलच्या फुडचं लाव."

परवेजनं आरशाला मोबाईल टेकवला, नानांच्या गळ्याभोवती कपडा टाकला आणि फेस करायला घेतला. पडद्यावर पाहुणा शहरातून फिरत होता. इमारती आल्या तेव्हा त्यांनी डोळे मिटले, पण उठले नाहीत. पायरी आली, दुकान आलं, स्टूल पुढं सरकलं, पाणी आलं. परवेजनं तेवढा वेळ हात थांबवला. पाहुणा उठून निघाला तसा वस्तरा पुन्हा गळ्याशी आला.

नानांनी मोबाईलकडं बोट केलं. "चांगलं हाय त्येवढं पाण्याचं," ते म्हणाले. "तरी पयलाच भाग खरा. व्हय का न्हाई?"

वस्तरा गळ्याच्या घाटीवर होता. या वेळी परवेजनं तो उचलला नाही.

"न्हाई, नाना."

नाना हलले नाहीत.

"तुजं तू बघ," एवढंच म्हणाले आणि हनुवटी आणखी वर केली.

त्या दुपारी परवेज जेवायला घरी गेला. निलोफरनं ताट वाढलं. दुधी होता.

"कसा झालाय?"

परवेजनं एक घास खाल्ला, पाणी प्याला. "मला दुधी आवडत न्हाई," तो म्हणाला. "कधीच आवडला न्हाई."

निलोफर कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "आन् वांगं?"

"वांगं आवडतं."

"मग आजवर बोलला का न्हाई?"

"तू रागावली असतीस."

"आता तर लईच रागावली," ती म्हणाली, आणि त्याच्या ताटातला दुधी उचलून स्वतःच्या ताटात घेऊन हसू दाबत त्याच्यासमोर बसली. "बरं, सांगा आता. आनखी काय काय न्हाई आवडत?"