गणिताचा पेपर सक्तीचा झाला तेव्हा

आमच्या बॅचचे चार जण कुठेही भेटले, की मुलाबाळांची चौकशी उरकते आणि गप्पा नागपूरच्या एम.ए.च्या वर्गात शिरतात. किस्से बरेच साठलेत. आज हसतो आम्ही. तेव्हा हसू सुचत नव्हतं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. अर्थशास्त्राला गणिताचा पेपर सक्तीचा झाला. वर्गातले बहुतेक आर्ट्सचे, मॅट्रिकनंतर गणिताला रामराम ठोकलेले.

*

पहिल्याच तासाला नव्या लेक्चररांनी मागणीचं समीकरण मांडलं आणि ∂ असं चिन्ह काढून त्याचं पार्शल डेरिव्हेटिव्ह काढलं. उमरेडकडचा वासुदेव उभा राहिला. "सर, भाव वाढला का मागणी कमी होते, हे मले समजते. पण हा उलटा सहा काहून आला?"

कोणी हसलं नाही. सगळ्यांना तेच विचारायचं होतं. दुसऱ्या दिवशी मागचे बाक रिकामे!

*

कुसुम मेश्राम नागपुरातल्याच इंदोरा वस्तीतली. घरातून कॉलेजात पोचलेली पहिलीच. फळा भरू लागला की ती पेन खाली ठेवायची. एकदा ती व्हरांड्यात रडताना दिसली, तेव्हा मैत्रिणीने विचारलं, घरचे रागावतील म्हणून का?

"नापास झाली तं बाबा काहीच म्हणणार नाही," ती म्हणाली. "त्याचंच भेव वाटते मले."

*

सगळ्यांत जास्त घाबरले होते आमचे विभागप्रमुख, देवपुजारी सर. जन्मभर शब्दांनी अर्थशास्त्र शिकवलेला माणूस. माझं बी.ए.ला गणित होतं, म्हणून दुपारी ते मला खोलीत बोलवायचे, कडी लावायचे आणि माझ्याकडून कॅल्क्युलस शिकायचे. एकदा शिपायाने दार वाजवलं, तर सरांनी डस्टर न शोधता कोटाच्या बाहीनेच फळा पुसला. दिवसभर ती पांढरी बाही घेऊन हिंडले.

*

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले. कडक. कुसुमच्या आधीचे दोघे डोळे पुसत बाहेर पडले. कुसुमला त्यांनी फळ्यावर जास्तीत जास्त नफ्याची अट मांडायला सांगितली. तिने लिहिली. परीक्षक म्हणाले, "चिन्ह चुकलंय. बसा."

कुसुम बसली नाही. "नाही सर. चुकलं नाही." आवाज जेमतेम ऐकू आला. पुढचा नंबर माझा, म्हणून मी मागे खुर्चीवर होतो.

परीक्षकांनी शेजारी बसलेल्या देवपुजारी सरांना विचारलं, तुमचं काय मत? सर उठले. फळ्यापाशी गेले, चष्मा पुसला, बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "मुलीचं बरोबर आहे. तुम्ही पुन्हा बघा."

परीक्षकांनी पुन्हा पाहिलं. मग पुढचा प्रश्न विचारला.

संध्याकाळी जिना उतरताना सरांनी माझा दंड धरला. त्यांचा तळवा घामाने ओला होता.

"काय रे," ते हळूच म्हणाले, "बरोबर होतं ना ते?"